गाणं नको, टोन ऐका

"तुम्ही शिंकतां तें मोठ्यानें की हळू?"

तंजावरला घर बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. बँकेत नुकतीच ऑफिसर झालेली मी, पहिलीच बदली, मिरजेहून थेट तंजावर. पगार किती, लग्न कधी, घरात अंडं शिजवणार का, या सगळ्यांची उत्तरं वाटेत रेल्वेतच तयार केली होती. शिंकेचं तेवढं तयार नव्हतं.

"हळू," मी म्हटलं.

"बरें. मिक्सर?"

"नाही."

"टाचेच्या चपला?"

"नाही."

"संगीत?"

"अजिबात नाही."

हे ऐकून ते पहिल्यांदा हसले. "उत्तम. आमच्या घरीं संगीत चालत नाहीं. आमच्या घरीं गिटारी आहेत."

राजवाड्यामागच्या गल्लीतलं दोन मजली घर. खाली ते आणि काकू, वर मी. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज मराठी राजाबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलायचे, पण ती मराठी मी फक्त जुन्या कागदपत्रांत वाचली होती, आणि तिला तमिळची चाल लावलेली. प्रत्येक वाक्य शेवटाला जिना चढल्यासारखं वर जायचं. देवनागरी वाचता येत नव्हती. माझं पोस्टकार्ड आलं की ते उलटं धरून "मराठीच आहे" असं ठामपणे सांगायचे.

पाटबंधारे खात्यात ओव्हरसीअर म्हणून ते निवृत्त झाले होते. अंगाने काडी, शर्टाचं गळ्याचं बटणही लावलेलं, खाली पांढरी वेष्टी, आणि गळ्यात काळ्या दोऱ्याला अडकवलेलं स्टॉपवॉच. नोकरीत कालव्यात लाकडाचा तुकडा सोडून पाण्याचा वेग मोजायचे ते हे घड्याळ. निवृत्तीच्या दिवशी खात्याला परत करायचं राहिलं, असं ते म्हणत. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी चांगलं बोटाच्या पेराएवढं वाढवलं होतं आणि त्याला रोज खोबरेल लावायचे. मला वाटलं, वाजवण्यासाठी. तसं काही नव्हतं. ते वाजवत नसत. वाजवणाऱ्यांबद्दल त्यांना एक सौम्य तिरस्कार होता.

"गाणें कोणीही ऐकतो," ते म्हणत. "आवाज ऐकायला माणूस लागतो."

गिटारी सहा होत्या, आणि त्यांची नावं गावांवरून. पहिली पोन्मलै, तिरुचीजवळच्या रेल्वे कॉलनीतलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं त्यांच्याकडून आलेली. कोडई तिथल्या थंड डोंगरावरच्या एका मिशन शाळेच्या मास्तरांची. कलकत्ता, गोवा आणि जर्मनी कुठून कुठून जमवलेल्या. सहावी अमेरिका, ही सगळ्यात शेवटी, दहा-बारा वर्षांपूर्वी आलेली. त्यांचा पुतण्या कॉम्प्युटरच्या कामासाठी तिकडे गेला होता. त्या दिवसांत प्रत्येक घरातून एक तरी पुतण्या असा जायला लागला होता आणि येताना इतरांचे पुतणे चॉकलेटं, टॉर्च, परफ्यूम आणायचे. यांनी गिटार आणायला लावली. पुतण्याने ती दिल्यावर, आपली आहे अशा समजुतीने, थिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर बसून एक सिनेमाचं गाणं वाजवायला घेतलं. दुसऱ्या ओळीला काकांनी ती त्याच्या मांडीवरून उचलली.

"तूं काय करतोस?"

"वाजवतोय, चित्तप्पा," तमिळ पद्धतीने काकांना हाक मारत तो म्हणाला.

"काय म्हणून? गाणें मधें आलें की टोन पळतो."

तो पुतण्या पुढच्या खेपेला हॉटेलात उतरला.

टोनबद्दल ते बोलायला लागले की ऐकत राहावं. पोन्मलैचा टोन इंजिनासारखा, पोटातून. कोडईचा थंड पाण्याने तोंड धुतल्यासारखा. कलकत्ता नाकातून बोलते, पाहुण्यांसमोर रडणाऱ्या बाईसारखी. जर्मनीत शिस्त आहे, माया नाही. गोवा संध्याकाळी बरी, सकाळी तिच्यावर विश्वास ठेवू नये. आणि अमेरिका? इथे ते डोळे मिटायचे आणि हात हवेत तरंगत ठेवायचे. अमेरिकेला उपमा नव्हती. मद्रासच्या दुकानांतल्या गिटारींबद्दल मात्र एकच वाक्य होतं: "सरकारी उत्तर. ऐकूं येतें, अर्थ नाहीं."

मी मिरजेची आहे हे त्यांना आठवडाभराने कळलं. तेव्हा ते जिना चढून वर आले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मिरजेला सतारी होतात, तंबोरे होतात, म्हणजे तिथल्या हवेतच काहीतरी असणार असा त्यांचा हिशेब. मी सांगितलं की आमच्या घरी सगळे रेल्वेत आहेत आणि सतार मी दुकानाच्या काचेतूनच पाहिली आहे. त्यांनी ते विनय म्हणून घेतलं. तेव्हापासून मी "मिरजवाले बाई" झाले आणि रविवार सकाळच्या परीक्षेला मला हजेरी लागू झाली.

परीक्षा अशी. आधी अर्धा दिवस सहाही गिटारींच्या तारा एकसारख्या जुळवायच्या. मग हॉलमधे काकूंची जुनी नऊवारी दोरीवर आडवी टाकून पडदा करायचा. काका इकडे भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसणार, डोळ्यांवर टॉवेल. "डोळा लाच खातो" हे त्यासाठी. पडद्यामागे काकू. त्यांनी करवंटीच्या गुळगुळीत तुकड्याने एकेका गिटारीची जाडी तार छेडायची, मग बारीक, मग सगळ्या मिळून एक झंकार. तारा मोकळ्याच. डाव्या हाताचं काम त्या घरात कधी कुणी केलंच नाही. झंकार पुरता विरेपर्यंत स्टॉपवॉच चालायचं, मग काका निकाल द्यायचे, "कोडई," आणि पडद्यामागून काकू म्हणायच्या, "बरोबर." निकाल आणि सेकंद खात्याच्या जुन्या लेव्हल बुकात, म्हणजे मोजणीच्या वहीत, उतरायचे.

हे सगळं चालू असताना घरात पंखा बंद. मे महिन्यात तंजावरला पंखा बंद करून बसणं म्हणजे काय, ते मी पत्रात आईला लिहिलं तर तिने परत ये म्हणून कळवलं. कुकर गॅसवरून उतरवलेला. वरचा नळ मी आधीच घट्ट बंद करायचा. एकदा समोरच्या घरात बाळ रडायला लागलं तर काका उठून गेले आणि त्या मुलाच्या आईला म्हणाले, "वीस मिनिटें थांबवाल?" ती बिचारी खरंच मुलाला घेऊन कोपऱ्यावरच्या देवळात जाऊन बसली. त्यांच्या बोलण्यात असं काहीतरी होतं खरं. कालव्याचं पाणी बंद-चालू करायची सवय असलेला माणूस.

पावसाळ्याचं तर काही विचारूच नका. इकडचा मोठा पाऊस दिवाळीच्या पुढे-मागे येतो. तेव्हा दमट हवेने लाकूड फुगू नये म्हणून सहाही गिटारी पलंगावर, वर चादर, आणि खोलीत दिवस-रात्र साठचा दिवा. पलंग त्या घरात एकच. काका आणि काकू हॉलमधे चटईवर. काकूंचा गुडघा त्या दिवसांत धरायचा. मी एकदा म्हटलं, "काकू, तुम्ही तरी पलंगावर झोपा." त्या म्हणाल्या, "जर्मनीला सर्दी जाहली तर?" आणि तोंडावर पदर धरून इतक्या हसल्या की मला कळेना, हसावं की नाही.

त्या हसण्याचा अर्थ मला पुढच्या उन्हाळ्यात कळला.

त्या रविवारी मला ताप होता, म्हणून हजेरीतून सुटका मिळाली होती. गोळी घ्यायला गरम पाणी हवं म्हणून मी मागच्या जिन्याने खाली उतरले आणि स्वयंपाकघरातून हॉलच्या दाराशी आले. तिथून पडद्याची मागची बाजू दिसत होती. सहापैकी पाच गिटारी भिंतीला टेकून नीट ओळीत उभ्या. सहावी, कलकत्ता, काकूंच्या मांडीवर आडवी. पुढे ताटात सांबाराचे छोटे कांदे. काकू एका हाताने कांदा धरून दुसऱ्या हाताने साल काढत होत्या. मग करवंटीचा तुकडा उचलला, कलकत्ता छेडली, तुकडा ठेवला, पुन्हा कांदा घेतला.

पलीकडून आवाज आला. "कोडई."

"बरोबर."

दोन कांदे सोलून झाले. काकूंनी पुन्हा कलकत्ताच छेडली.

"पोन्मलै. काय पोट आहे पाहा!"

"बरोबर."

असं सहा वेळा. सहाव्यांदा ते गहिवरून म्हणाले, "अमेरिका," आणि काकूंनी "बरोबर" म्हणता म्हणता मान वळवली. मी दिसले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं नाही की डोळे मोठे केले नाहीत. फक्त ताट माझ्याकडे सरकवलं. मी ताप विसरून खाली बसले आणि उरलेले कांदे सोलले.

नंतर विहिरीपाशी भांडी घासताना त्यांनी सांगितलं. पहिली दोन वर्षं त्यांनी इमानाने सहाही गिटारी वाजवल्या. ओळखण्यात काका चुकायचे, सहात चार वेळा चुकायचे, आणि चुकले की पहिल्यापासून. एका रविवारी तीनदा पहिल्यापासून झालं आणि सांबार करपलं. त्या दिवशी काकूंनी पहिल्यांदा खोटं "बरोबर" म्हटलं. परीक्षा वीस मिनिटांत आटपली, काका खूश, जेवण वेळेवर. पुढच्या रविवारी आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली: सगळंच बरोबर असेल तर उठून गिटार बदलायची तरी काय गरज आहे?

"नऊ वर्षें जाहलीं," काकू म्हणाल्या. "कलकत्ता हलकें आहे म्हणून तें घेतें. मांडीला भार नाहीं."

"पण काकू, त्यांना कळलं तर?"

"कळायला ऐकूं यायला पाहिजे की."

मी हे कुणाला सांगितलं नाही. आपला काय संबंध, असं स्वतःशी म्हटलं. खरं म्हणजे मला गंमत वाटत होती. दर रविवारी मी समोर बसून त्यांचे निकाल ऐकायचे आणि आत कुठेतरी फुगे फुटायचे. बँकेत सोमवारी ते किस्से रंगवून सांगायचे, खरं गुपित तेवढं वगळून.

पण नऊ वर्षं एकदाही न चुकलेला माणूस हळूहळू गावात मोठा होतो. लेव्हल बुकात पानामागून पान शंभर टक्के होतं, आणि ते पाहुण्यांना दाखवलं जायचं. तिरुवैयारुच्या संगीत उत्सवाला आलेले गवई कुतूहलाने येऊन जायचे. गिटारीबद्दल काही विचारायचं तर त्या ओव्हरसीअरना विचारा, त्यांचा कान चुकत नाही, असं लोक म्हणायला लागले. आणि मग एक दिवस खरंच कुणीतरी विचारायला आलं.

त्या वर्षांत गावात नव्या इंग्रजी शाळा निघत होत्या. अशाच एका शाळेचे करस्पॉन्डंट, म्हणजे शाळा चालवणारे मालक, एका संध्याकाळी घरी आले. घाम पुसत बसणारे, गोल, घाईतले गृहस्थ. शाळेच्या माहितीपत्रकात त्यांनी "वेस्टर्न म्यूझिक" छापून टाकलं होतं आणि आता त्यासाठी आठ गिटारी हव्या होत्या. मद्रासच्या एका दुकानाने नमुना पाठवला होता. दुसरा नमुना होता इथल्याच एका आसारीचा.

हा आसारी, म्हणजे सुतार, वीणा करणाऱ्यांपैकी. बापापासून फणसाच्या लाकडाच्या वीणा कोरत आलेला. पण वीणा शिकणाऱ्या मुली आता कीबोर्ड शिकत होत्या, आणि दोन वर्षांत त्याच्याकडे वीणेची मोजकीच कामं आली होती. म्हणून त्याने वीणेसाठी वाळवून ठेवलेल्या लाकडातून, कुणाची तरी गिटार मापाला आणून, एक गिटार बनवली होती. ऑर्डर मिळाली असती तर त्याला दुकान चालू ठेवता येणार होतं. नाही मिळाली तर तो तिरुपूरला मुलीकडे जाणार होता. कपड्यांच्या कारखान्यात खोकी ठोकायचं काम जावयाने बघून ठेवलं होतं. हे त्याने काही रडून सांगितलं नाही. गिटार कशी केली, हे सांगता सांगता सांगितलं.

काकांनी ती गिटार हातात घेतली, दोनदा उलटसुलट केली. "फणस," ते म्हणाले. "फणसाचें फळ खावें. गिटारीला तें लाकूड नाहीं. तरी परीक्षा घेऊं."

रविवारी सकाळी सगळे जमले. करस्पॉन्डंट खुर्चीवर. आसारी धुतलेला शर्ट घालून दाराशी, बसा म्हटलं तरी उभाच. या वेळी गिटारी तीन: आसारीची, मद्रासची आणि मापदंड म्हणून अमेरिका. काम जोखमीचं म्हणून मला पडद्यामागे काकूंच्या मदतीला नेमण्यात आलं.

काकूंनी त्या दिवशी कांदे घेतले नव्हते. "आज खरेंच वाजवूं," त्या पुटपुटल्या. "कोणाच्या पोटाचें आहे."

पहिली त्यांनी आसारीची घेतली. जाडी तार, बारीक तार, झंकार. तो झंकार हॉलभर पसरला आणि बराच वेळ राहिला. मला संगीतातलं काही कळत नाही, पण तो विरल्यावर खोली रिकामी झाल्यासारखी वाटली.

 पलीकडून काकांनी निकाल दिला, "अमेरिका. याला म्हणतात टोन. आसारी, नीट ऐकून घे, असें व्हायला शंभर वर्षें लागतात."

मी काकूंकडे पाहिलं.  मग नऊ वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडातून शब्द आलाच. "बरोबर."

दुसरी मद्रासची.

"हें फणसाचें. ओलें लाकूड. तार रडते आहे."

"बरोबर."

तिसरी अमेरिका. प्रत्यक्ष अमेरिका.

"मद्रास. सरकारी उत्तर. पण चालेल, शाळेला एवढें पुरे. मद्रासचीं घ्या, सार."

"बरोबर," काकू म्हणाल्या, आणि करवंटीचा तुकडा खाली ठेवून दिला.

मी तिथे उभी होते. तीनही गिटारी मीच हातात दिल्या होत्या. तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. मी उघडलं नाही. घरमालकाचा अपमान, काकूंची फजिती, मला पुढे वर्षभर याच घरात राहायचंय, असलं काय काय डोक्यात आलं, आणि तेवढ्यात वेळ गेली.

करस्पॉन्डंट उठले. आसारी आपली गिटार घ्यायला पडद्यामागे आला. वाकून त्याने ती उचलली, खोळीत घातली, नाडी बांधली. मग काकूंना हळूच तमिळमधे म्हणाला, "अम्मा, पहिली माझी वाजली. माझ्या घरात झालेली वस्तू आहे, मला कळतं. साहेबांना ती अमेरिकेची वाटली. मला पुरे झालं तेवढं." आणि हात जोडून निघाला.

 काकू ताडकन उठल्या आणि दोरीवरची नऊवारी एका हिसक्याने ओढून काढली.

"चूक!" त्या म्हणाल्या.

सगळे थांबले. काका अजून भिंतीकडे तोंड करून, टॉवेल डोळ्यांवर.

"तिन्ही चूक. पहिलें आसारीचें होतें. दुसरें मद्रास. तिसरें तुमचें अमेरिका." हेच त्यांनी करस्पॉन्डंटना तमिळमधे पुन्हा सांगितलं, बोट दाखवून दाखवून.

काकांनी टॉवेल काढला नाही. भिंतीलाच विचारलं, "आणि आजपर्यंतचें?"

"पहिलीं दोन वर्षें तुम्ही चुकत होतांत. मग सांबार करपलें. तेव्हांपासून मी एकटें कलकत्ताच वाजवतें."

मला वाटलं होतं, हे ऐकून मला हसू येईल. इतके महिने मी त्या क्षणाची वाट बघत असल्यासारखी होते. आलं नाही. टॉवेलखाली त्यांचा जबडा हलत होता, काहीतरी चघळल्यासारखा.

हसले ते करस्पॉन्डंट. पोट धरून हसले. "अहो, एवढ्या कानाच्या माणसाला फणस अमेरिका वाटला, तर माझ्या पालकांना काय कळणार आहे!" त्यांनी तिथेच दारात आसारीला आठ गिटारींचं काम सांगितलं. पुढच्या माहितीपत्रकात त्यांनी छापलं, "अमेरिकन टोनची वाद्ये". आसारी तिरुपूरला गेला नाही. त्याच्या दुकानाबाहेर वीणेच्या पाटीखाली गिटारीची पाटी लागली, हे मी बँकेत जाता-येता बघायचे.

आमच्या घरात मात्र आठ दिवस लेव्हल बुक कपाटातून बाहेर आलं नाही. नवव्या दिवशी काकांनी लेव्हल बुक उघडून एक नवा रकाना आखला: "वाजवणाऱ्याचा दोष". त्यांचा सिद्धान्त तयार झाला होता. काकूंचा हात कधी जड पडतो, कधी हलका, त्यामुळे टोन बदलतो, त्यामुळे कान फसतो. कानाचा दोष नाही. आता काकूंनी मनगटाचा सराव करावा, रोज शंभर वेळा.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही वाजवा. मी ऐकतें."

हे आव्हान होतं, आणि पद्धतशीर माणसाला ते नाकारता येईना. रविवारी पुन्हा पडदा लागला. या खेपेला काकू खुर्चीत, डोळ्यांवर टॉवेल. पडद्यामागे काका, आणि त्यांची पाठ धरते म्हणून गिटारी उचलून द्यायला मी. "साक्षीदार म्हणून," ते म्हणाले.

त्यांनी पोन्मलै छेडली.

"पोन्मलै," काकू म्हणाल्या. जराही वेळ न घेता.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "चूक."

जर्मनी छेडली. "जर्मनी." "चूक." गोवा, कोडई, कलकत्ता, अमेरिका. काकूंनी सहाच्या सहा ओळखल्या, भाजीवालीच्या हाका ओळखाव्यात तशा. आणि सहाही वेळा ते माझ्या डोळ्यात बघून म्हणाले, "चूक." सहाही वेळा मी खाली गिटारीकडे बघत राहिले.

काकूंनी टॉवेल घडी करून खुर्चीवर ठेवला. "बरें," म्हणाल्या. तासाभरात पिशवी भरून तिरुवैयारुला बहिणीकडे निघून गेल्या. बसला सोडायला मी गेले. वाटेत मी सांगायला तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "मज ठाऊक आहे. कलकत्ता मज कळणार नाहीं का?"

काका पाच दिवस मेसमधून डबा आणून जेवले. तिसऱ्या दिवशी वर येऊन मला म्हणाले, "तुम्ही थोडें वाजवाल?" मी म्हटलं, बँकेत इन्स्पेक्शन आहे. सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, स्टॉपवॉच काढून खिळ्याला लावलं आणि बसने तिरुवैयारुला गेले. पुढचं काकूंनी सांगितलेलं. बहिणीच्या दारात उभे राहिले, आत या म्हटलं तर आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "सहापैकीं पांच बरोबर होतीं. एक चुकलें तें खरेंच चुकलें."

काकू आतून म्हणाल्या, "कोणतें?"

"कोडई. तूं गोवा म्हटलेंस."

"मी कोडईच म्हटलें!"

"गोवा म्हटलेंस."

एवढं भांडण अर्धवट टाकून कसं राहायचं? काकू पिशवी घेऊन बाहेर आल्या. तेरा किलोमीटर बसमधे तेच. कावेरीच्या पुलावर कंडक्टरने विचारलं, अम्मा, तुम्हाला जायचंय तरी कुठे, कोडईला की गोव्याला?

मी ऑफिसातून आले तेव्हा दोघं थिण्णैवर होते, आणि मधे लेव्हल बुक उघडं. पेन काकांच्या हातात.

"मिरजवाले बाई," ते म्हणाले, "तुम्ही साक्षीदार. सांगा, पांच की सहा?"

काकू माझ्याकडे बघत होत्या. मी पायरीवर पिशवी ठेवली आणि मोठ्याने, स्पष्ट म्हटलं, "सहा. सहाच्या सहा."

मला वाटलं, बरं वाटेल. काकांनी पेनचं टोपण काढलं आणि थांबले.

"आसारीच्या दिवशीं तुम्ही पडद्यामागें होतांत. गप्प बसलांत. त्या रविवारीं माझ्या शेजारीं उभ्या होतांत. मी सहा वेळां तुमच्या तोंडाकडे पाहिलें. मज वाटलें, आतां तरी ही मुलगी बोलेल. तुम्ही गप्प बसलांत." त्यांच्या आवाजात राग नव्हता. कालव्याचं माप वाचून दाखवावं तसं ते बोलत होते. "आज बोलतां. असा साक्षीदार आमच्या खात्यांत धरीत नाहींत."

आणि खाली वाकून त्यांनी वहीत पाच लिहिलं.

काकू माझ्या बाजूने काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्या वहीकडे बघत होत्या. मी पिशवी उचलली आणि वर गेले.